फाइल चोख, कारखाना रामभरोसे!

औषध आणि रसायन कारखान्यांना संगणकप्रणालीचा सल्ला देणे हा आज तेजीतला धंदा आहे. तपासणीची तारीख पडली की मुंबई-हैदराबादहून सल्लागार अवतरतो, ‘व्हॅलिडेशन’च्या जाडजूड फायलींवर सह्या घेतो, बिल लावतो आणि कशेडी घाट ओलांडून चालता होतो. मागे काय उरते? औषधाचा नमुना तपासणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या पडद्याला डकवलेली चिठ्ठी आणि तिच्यावर तिन्ही शिफ्टचा मिळून एकच पासवर्ड! नमुना नापास झाला तेव्हा यंत्रापुढे कोण बसले होते, पहिला आलेख पुसून दुसरा कोणी काढला, हे मग सांगणार कोण? ब्रह्मदेव?

प्रत्येकाचे लॉगिन वेगळे हवे, प्रत्येक फेरफाराचा वेळेसकट माग राहिला पाहिजे, हा नियम अमेरिकेने १९९७ सालीच केला. पुढे तिच्या तपासनिसांना आपल्याकडच्या कारखान्यांत सापडले काय, तर सामायिक पासवर्ड आणि खोडलेल्या चाचण्या! २०१३ मध्ये रॅनबॅक्सी या औषध कंपनीने गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर मोजले. आमच्या सरकारला मात्र औषध उत्पादनासाठीच्या शेड्यूल एमची नवी नियमावली काढायला डिसेंबर २०२३ उजाडले. त्यातही लहान कारखानदारांनी मुदतवाढ मागितली आणि सरकारने ती दिली.

मुदतवाढ कशाला? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने १४ रुग्ण दगावले. चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने तेव्हाच यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली होती. तरीही २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांना दिलेल्या भारतीय सिरपांत जागतिक आरोग्य संघटनेला तेच विष आढळले. ग्लिसरॉलसारख्या कच्च्या मालाची चाचणी न करताच ‘पास’चा शिक्का उमटवू देणारी प्रणाली लाखांची असो की कोटींची, तिची किंमत शून्य.

म्हणून लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना आम्ही बजावतो: सल्लागाराला फायलींवर पैसे देऊ नका. सहा महिन्यांनी, कामगारांना न कळवता, रात्रपाळीला त्याला पुन्हा बोलवा. ऑपरेटरच्या शेजारी उभे राहून त्याने एका बॅचची नोंद पहिल्या पोत्यापासून शेवटच्या सहीपर्यंत तपासावी, आणि मगच बिल चुकते करा. लवेलचे घरडा आणि रत्नागिरीचे फिनोलेक्स ही महाविद्यालये दरवर्षी अभियंते घडवतात. हे काम त्या पोरांना शिकवा. त्यांना घाट ओलांडून पळायचे नसते.

आता सरकारकडे वळू. १७ अतिप्रदूषक उद्योगांच्या सांडपाण्याचे आकडे यंत्रानेच थेट मंडळाकडे धाडावेत, असा आदेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्येच काढला. मग मेलेले मासे तरंगल्याशिवाय लोट्याचे सांडपाणी जिथे पोहोचते त्या दाभोळ खाडीतल्या भोई मच्छीमारांना काहीच का कळत नाही? वसाहतीतल्या सांडपाण्याचे आकडे दाभोळच्या जेटीवर पडदा लावून चोवीस तास दाखवा. यंत्र बंद पडले तर ‘बंद’ असे लिहा आणि कारखान्याचे नावही त्याच पडद्यावर झळकू द्या.