सात मिनिटांच्या कार्टूनचा जमाखर्च

कर्जाचा अर्ज समोर आला की बँकेतील माणूस प्रथम दोन गोष्टी पाहतो : तारण काय आणि मालाला गिऱ्हाईक किती. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ‘थंडरबीन अ‍ॅनिमेशन’ या नावाने चालणारा एक छोटा व्यवसाय या दोन्ही कसोट्यांवर सहज नापास ठरावा. त्याचे चालक स्टीव्ह स्टँचफील्ड हे स्वतः अ‍ॅनिमेशनकार आणि अध्यापक आहेत. मूळ निर्मात्यांचे स्टुडिओ कधीच बंद पडल्यामुळे पोरकी झालेली जुनी कार्टून शोधावयाची, त्यांचा जीर्णोद्धार करावयाचा आणि ती डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे तबकडीवर विकावयाची, हा त्यांचा उद्योग. माल ऐंशी-नव्वद वर्षांचा जुना, गिऱ्हाईक मोजके, आणि तारण म्हणावे तर पत्र्याच्या डब्यांतील रिळे. तरीही हा धंदा टिकून आहे.

प्रथम मालाविषयी. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या फिल्मवर छापले जात ती नायट्रेटची असे. हा पदार्थ विलक्षण ज्वालाग्राही. पेटला की स्वतःच प्राणवायू पुरवतो, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहतो. जळला नाही तर कुजतो. प्रथम चिकट होतो आणि शेवटी त्याची तपकिरी भुकटी उरते. त्यानंतर आलेली अ‍ॅसिटेटची फिल्म ‘सुरक्षित’ म्हणवली गेली, पण उष्ण आणि दमट हवेत तीही आकसते, वाकडी होते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. म्हणजे गोदामात पडून राहिलेला हा माल दर वर्षी आपोआप घटत असतो. व्यापारी भाषेत हा घसारा आहे, आणि तो कोणत्याही कोष्टकाची वाट पाहत नाही.

माणसांनी केलेली हानी निराळीच. १९५० नंतर दूरचित्रवाणीसाठी जुन्या कार्टूनांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकले गेले. विकत घेणाऱ्या काही कंपन्यांनी सुरुवातीच्या मूळ पाट्या कापून तेथे स्वतःच्या पाट्या डकवल्या. चित्रे कोणी काढली, संगीत कोणाचे, हे त्या पाट्यांबरोबरच गेले. आज एखाद्या खासगी संग्राहकाकडे मूळ पाटीसह प्रत सापडते, तेव्हा जीर्णोद्धार करणारा तेवढ्या पंधरा सेकंदांसाठी दुसऱ्या टोकाच्या राज्यातूनही ती मागवतो. चित्र एका प्रतीतून, आवाज दुसरीतून आणि पाटी तिसरीतून घेऊन एक अखंड कार्टून जुळवणे हे या कामात नित्याचेच आहे.

रंगांची कथा तर चक्क करारनाम्याची कथा आहे. टेक्निकलरची तीन रंगांची पद्धत कार्टूनांसाठी वापरण्याचा हक्क १९३२ पासून १९३५ पर्यंत एकट्या वॉल्ट डिस्ने यांच्याकडे होता. इतरांना दोनच रंगांच्या पद्धतींवर भागवावे लागले. तांबूस-नारिंगी आणि निळसर-हिरवा यांच्या मिश्रणातून जे साधेल ते. म्हणून त्या काळच्या एखाद्या कार्टूनात पिवळा रंग फिका दिसला तर तो काळाचा दोष नसतो. तो पहिल्या दिवशीही तसाच होता. आज संगणकावर हवा तो रंग भरता येतो. तो न भरण्याचा संयम ही या कामाची खरी परीक्षा आहे, असे मला वाटते.

सात मिनिटांचे कार्टून म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने १०,०८० चौकटी. प्रत्येकीवर धूळ, ओरखडे, डाग. संगणकाला ‘सर्व ओरखडे पुसून टाक’ असे सांगण्याची सोय आहे, आणि बड्या कंपन्यांच्या काही तबकड्यांवर ती सढळ हाताने वापरलीही गेली. परंतु पात्राच्या मिशीची बारीक रेघ आणि फिल्मवरील ओरखडा यांतला फरक यंत्राला कळेलच असे नाही. रेघा पुसट झाल्या, पात्रे हलताना त्यांचे हातपाय अर्धवट विरघळू लागले. म्हणून जाणकार माणूस चौकट अन् चौकट डोळ्यांखाली घालतो. पुष्कळदा काम पैशात कमी आणि वेळेत फार पडते ते यामुळेच.

आता भांडवल. अमेरिकेच्या जुन्या कायद्यानुसार २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे. अनेक छोट्या स्टुडिओंच्या चित्रांचे ते झालेच नाही आणि ती सर्वांसाठी खुली झाली. हे वरदान वाटते, पण त्याची दुसरी बाजू अशी की केवळ सफाई केल्याने नवा हक्क सहसा मिळत नाही. दोन वर्षे खपून काढलेली स्वच्छ प्रत दुसरा कोणी आठवड्यात उचलून फुकट वाटू शकतो. बँक येथे दार लावून घेईल. म्हणून हे लोक ग्राहकांकडूनच आगाऊ रक्कम घेतात. अब आयवर्क्स यांनी १९३० ते १९३३ या काळात काढलेल्या ‘फ्लिप द फ्रॉग’ या बेडकाच्या ३८ कार्टूनांचा संच थंडरबीनने असाच काढला आणि त्याला वर्षानुवर्षे लागली. अधिक चांगली प्रत हाती आली की आधीचे काम पुन्हा करावयाचे, हे त्याचे एक कारण. ठरल्या वेळी माल न देणाऱ्याची पत काय राहते, हे आपल्या वाचकांना सांगणे नको. इथे ग्राहकाला उशिराची कल्पना असते आणि तो गुणवत्तेसाठी थांबतो, हे मान्य. तरी आगाऊ आलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे, ते देणे आहे. एका संचाचे पैसे दुसऱ्याच्या खर्चात मिसळू लागले की कितीही सचोटीचा माणूस अडचणीत येतो. प्रत्येक संचाचे खाते स्वतंत्र ठेवावे, इतके तरी मी सुचवीन.

असे वेड पत्करणारे कोणी नसते तर काय झाले असते, हे पाहण्यास दूर जावयास नको. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी कागदी छायाकृतींतून १९२६ साली पुरा केलेला ‘प्रिन्स अहमद’ मूळ निगेटिव्ह नष्ट होऊनही वाचला, कारण लंडनच्या संग्रहालयात त्याची रंगछटा दिलेली एक नायट्रेट प्रत होती. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून केलेल्या ‘आगकाड्यांची मौज’ची तशी दुसरी प्रत कोठेच नाही. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील जुने मराठी-हिंदी चित्रपट खाक झाले.

आपल्यापैकी अनेक घरांत साठ-सत्तरच्या दशकांतील लग्नांची, संघयात्रांची ८ किंवा १६ मिलिमीटरची रिळे माळ्यावर पडलेली असतील. ही फिल्म नायट्रेटची नसते, तेव्हा आगीची धास्ती नको. परंतु डबा उघडताच आंबूस वास आला तर ते रीळ प्रोजेक्टरवर चढवू नये, फाटेल. ते इतरांपासून वेगळे, थंड व कोरड्या जागी ठेवावे, कारण त्या वाफेने शेजारची चांगली रिळेही बिघडतात. आणि या कामाचा अनुभव असलेल्या माणसाकडून लवकरात लवकर त्याची संगणकीय प्रत करून घ्यावी. प्रत झाल्यावर मूळ रीळ मात्र फेकू नये.