विनोदाची वही कोण लिहिणार?
विनोद करणाऱ्याला टाळ्या मिळतात. विनोदाचा अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला वाटाण्याच्या अक्षता. न. चिं. केळकरांनी तो उद्योग केला. 'केसरी'चं संपादन आणि राजकारण यांच्या धबडग्यात त्यांनी 1908 साली 'सुभाषित आणि विनोद' लिहिलं, आणि तोच विषय वाढवत 1937 मध्ये 'हास्यविनोदमीमांसा' काढली. एकोणतीस वर्षं एकाच विषयाला चिकटून राहणं, तेही हसण्याच्या, हे चिवटपणाचंच काम! पण त्यांच्या मीमांसेत पुस्तकी विनोद जास्त, गावातला कमी. आमच्या पूर्णा जंक्शनवर बसून बघा. अकोल्याकडून आलेली वऱ्हाडी, नांदेडकडची मराठी आणि परभणीचा ठसका एकाच बाकड्यावर भिडतात. गाडी लेट झाली की टोमण्यांना ऊत येतो. यातल्या मराठवाडी बोलीची ताकद लक्ष्मण देशपांडे यांनी ओळखली. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या त्यांच्या नाटकात हा एकटा माणूस पन्नासाहून जास्त पात्रं उभी करायचा. मराठवाड्याचा माणूस लंडनला नेऊन हसवला त्यांनी. पण त्या हसण्याची रीतसर बखर लिहायला विद्यापीठांना सवड कधी मिळणार? प्रबंधाला शोकांतिकाच शोभते, असा त्यांचा समज दिसतो.