जुन्या मोहफुलांची प्रत कशावरून ठरवावी?

फाल्गुन उजाडला म्हणजे धुऱ्यावरच्या मोहाला कळ्या दिसू लागतात, आणि त्याच सुमारास घरात उरलेल्या गेल्या सालच्या फुलांचे काय करावे हा प्रश्न लाखनीच्या आसपासच्या पुष्कळ घरी उभा राहतो. व्यापारी पोत्यात हात न घालताच ‘माल जुना आहे’ असे म्हणतो व भाव पाडतो. धनीही नवे फूल येणार म्हणून त्याच भावाने पोते उचलू देतो. ही रीत आम्हांस सर्वथा गैर वाटते. मोहफुलाची प्रत त्याच्या सालावरून ठरत नाही. ते किती सुकवले व कसे राखले यावरून ठरते.

प्रथम फुलाचा स्वभाव ध्यानात घ्यावा. झाडावरून गळलेल्या ताज्या फुलात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. ते नीट सुकले म्हणजे त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ही साखर हवेतील ओल ओढून घेणारी आहे. म्हणून कडक सुकवून हवाबंद ठेवलेले फूल वर्ष उलटल्यावरही गोड व उपयोगी राहते. अर्धवट सुकवून गोणीत भरलेले फूल मात्र आषाढातच चिकट होते, काळे पडते, आणि श्रावणात त्याला कुबट वास येतो. पहिले जुने असून चांगले, दुसरे त्याच सालचे असून वाईट. मग साल विचारण्यात हशील ते काय?

परदेशातही हा प्रश्न आहे. बिअर नावाच्या पेयास कडवटपणा व टिकाऊपणा यावा म्हणून त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालतात. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात ही वेल लावली जाते. या फुलांतील कडू राळ उष्णतेने व हवेने नासते आणि त्यांना शिळ्या चीजसारखा वास येऊ लागतो. म्हणून घरी बिअर करणारे लोकही ती फुले दाबून, हवा काढून, थंडाव्यात ठेवतात व जुनी वापरताना आधी हुंगून पाहतात. उलट बेल्जम देशात ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर करणारे हॉप मुद्दाम वर्षानुवर्षे जुने करून वापरतात. कारण कडवटपणा गेला तरी पेय टिकवण्याचा गुण बराचसा उरतो व त्यांना तेवढाच हवा असतो. ‘जुने’ हा शब्द तेथे निंदेचा नाही. माल कशासाठी हवा आणि त्यात कोणता गुण शिल्लक आहे, एवढेच ते पाहतात. आपणही मोहाबाबत तेच पाहावे.

आता या गैरसमजातून होणारी हानी पाहू. चैत्रात माल घेताना ओले व सुके फूल एकाच भावाने तोलले जाते. ज्याने चार दिवस अधिक ऊन दिले त्याचे वजन घटते, म्हणजे मेहनत करणाराच तोट्यात जातो. साहजिकच लोक फूल अर्धवट ओले विकतात. तेच पुढे गोणीत काळे पडते, आणि काळे फूल अखेर चोरट्या भट्टीच्या सडव्यात जाते. ‘आंबवायचेच आहे, मग सडके काय नि चांगले काय’ असा एक समज आहे, तोही खोटा. बुरशीने फुलातील साखर आधीच खाल्लेली असते व सडवा आंबट होऊन जातो. मग ती उणीव भरून काढण्यासाठी त्यात काळा गूळ नि नवसागर पडतो, आणि त्याचे परिणाम गावातील गरिबांच्या घरी दिसतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे, हे वाचकांस सांगणे नकोच. पण त्या भट्टीला कच्चा माल आपल्याच निष्काळजीपणातून मिळतो, हे बोलून दाखवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

यावर कोणी म्हणेल, फूल साठवण्यास उत्तेजन दिले तर चोरट्या धंद्यासच उत्तेजन मिळेल. पूर्वी याच भीतीने सरकारने मोहफुलांवर पुष्कळ बंधने घातली होती. १८९२ साली मुंबई इलाख्यात त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. तथापि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ही बंधने सैल केली, ती गोळा करणाऱ्यास भाव मिळावा म्हणूनच. चांगल्या फुलास चांगला गिऱ्हाईक मिळाला, तर ते भट्टीकडे जाण्याचे कारण उरत नाही. लाडू, पाक, मुरंबा यांसाठी स्वच्छ फूलच लागते.

महसुली दप्तरात पिकाचा उतारा ठरवताना बांधावरून नजर टाकून भागत नाही; ठरावीक तुकडा कापून, मळून धान्य तोलावे लागते. मोहाचीही अशीच परीक्षा घरच्या घरी करता येते. पोत्याच्या वरून, मधून व तळातून मिळून एक किलो फूल घ्यावे, दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरावे व पुन्हा तोलावे. ९०० ग्रॅम भरले तर १०० ग्रॅम पाणी होते, म्हणजे क्विंटलमागे १० किलो पाण्याचे दाम घेणाऱ्याने मोजले. त्यानंतर मूठभर फूल दाबून हुंगावे. मुठीतून सुटे पडले व मनुक्यासारखा गोड वास आला, तर ते कितीही जुने असो, पहिल्या प्रतीचे समजावे. काळपट पण निर्मळ वासाचे फूल पुन्हा ऊन देऊन बैलांच्या चाऱ्यात बेताने घालावे. बुरशी धरलेले मात्र माणसास नको, जनावरासही नको. ते उकिरड्यात टाकून त्याचे खत करावे.

नवे फूल वेचतानाही दोन गोष्टी पाळाव्या. झाडाखालचा पाचोळा पेटवू नये. फुलात राख मिसळते आणि आग जंगलात शिरते. त्याऐवजी जागा झाडून जाळी अथवा जुने लुगडे अंथरावे. फूल वाजेपर्यंत सुकवून, निवून मगच घट्ट झाकणाच्या पिंपात भरावे. ऊन लागलेले गरम फूल भरल्यास आतच घाम सुटतो.

आमची आपल्या संस्थेस एवढीच विनंती, की येत्या हंगामापासून सभासदांचा मोह सुकेपणा व वास पाहून दोन प्रतींत घ्यावा, दोन्हींच्या भावात खरा फरक ठेवावा, आणि जुने-नवे हा भेद दरपत्रकातून काढून टाकावा. सुकवण्याचे चार दिवस ज्याने दिले, त्याच्या पदरी त्याचे दाम पडले, तर धुऱ्यावरचे झाड तोडण्याची बुद्धी कोणास होणार नाही.