दुखतं म्हणजे कसं?

पोळ्याला पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने यवतमाळला उतरले, तेव्हा उजवा पाय माझा राहिलाच नव्हता. कमरेतून निघालेली चमक मांडीमागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत! आईचं निदान तयार होतं, ‘शिरेवर शीर चढली.’ मालिशवाल्या मावशी आल्या, पोटरीत अंगठा रोवला आणि मी रात्रभर कण्हत बसले.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट. मला वाटलं, शेक, मशीन, बाय बाय. फॉर्मवर ‘व्यवसाय’पुढे घाईत ‘पत्रकार’ एवढंच लिहिलं. मॅडम माझ्याहून लहान, पण आधी नुसते प्रश्न! ‘दुखतं म्हणजे कसं? ठणकतं, जळतं, मुंग्या येतात की करंट लागतो?’ मराठीत दुखण्याला एवढे शब्द, आणि आपण ऑफिसात सगळ्याला ‘बॅकपेन’ म्हणून मोकळे.

तर मंडळी, स्नायू दुखावला की बहुधा दुखतं तिथेच. नसेचं तसं नाही. चिमटा बसतो कमरेच्या मणक्याशी आणि बोंब मारते पोटरी. म्हणून पोटरी रगडून उपयोग शून्य. मॅडमनी झोपवून पाय सरळ वर उचलला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, कापूस फिरवून स्पर्श तपासला. मग व्यायाम. नस ताणायची नाही, हळूच पुढे-मागे सरकवायची, तीही दुखेपर्यंत नाही. (जिममधल्या ‘पुश, पुश’ला रामराम!) आणि एक तंबी : लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर इथे न येता थेट हॉस्पिटल गाठायचं.

मी पाय सरकवत पडलेली, तेवढ्यात पडद्यापलीकडे एक काका आले. ‘रातभर दोन्ही पाय जयतात.’

‘काका, फवारणी केली होती का?’

‘मागच्या मयन्यात, कपाशीवर. उलट्या झाल्या, मंग बरं वाटलं.’

मी गप्पच झाले. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पण काही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नसांना दोन-तीन आठवड्यांनी गाठतात, हे कुठे माहीत होतं? आधी पोटऱ्यांत गोळे, पायांत मुंग्या, मग पायातली ताकदच जाते. तोवर उलट्या थांबलेल्या, माणूस पुन्हा शेतात. फवारणीचं तो स्वतःहून कशाला सांगेल?

दोन्ही पायांत सारखंच आणि बोटांकडून वर चढणारं दुखणं असलं, तर मॅडम कमरेवर थांबत नाहीत. शुगर, दारू, कुष्ठरोग, फवारणी, सगळं विचारतात. काकांना त्यांनी त्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. सरकारी मेडिकल कॉलेजसाठी चिठ्ठी दिली. ‘आजच जा. तपासण्या झाल्या की चालण्यासाठी माझ्याकडे परत या.’

निघताना मी फॉर्म परत मागितला आणि ‘पत्रकार’पुढे लिहिलं : रोज दहा तास, बीनबॅगवर, मांडीवर लॅपटॉप.