मनोरा आणि माणूस

चौक गावातून उत्तरेकडे पाहिले की माथेरानचा डोंगर दिसतो. त्या माथेरानमध्ये १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते वकील होते. लोक त्यांना प्रेमाने 'भाई' म्हणत.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' आंदोलन सुरू झाले. सरकारने ९ ऑगस्टला पहाटे गांधीजींना आणि इतर पुढाऱ्यांना अटक केली. तेव्हा भाईंनी 'आझाद दस्ता' उभारला. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. खोपोली आणि भिवपुरी येथील वीज मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना जात असे. ती बंद पडली तर इंग्रजांच्या युद्धकार्याला धक्का बसेल, असा विचार करून दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडले.

हे योग्य होते का? गांधीजींना तोडफोड मान्य नव्हती. १९२२ साली चौरीचौरा येथे जमावाने पोलीस चौकी पेटवली. आतील पोलीस जळून मेले. गांधीजींनी तेव्हा असहकाराचे आंदोलनच थांबवले. ध्येय चांगले असेल, तर मार्गही चांगलाच हवा, असे ते मानत.

मला मात्र या दोन घटना सारख्या वाटत नाहीत. पडलेला मनोरा पुन्हा उभा करता येतो. मेलेला माणूस परत येत नाही. चौरीचौऱ्यात माणसे जाळली गेली; इथे घाव लोखंडावर होता.

तरीही मनोरा पाडणे ही साधी गोष्ट नव्हे. वीज गेली, की गिरणी थांबते आणि गरीब कामगाराचा रोज बुडतो. दवाखान्यातही अंधार होऊ शकतो. म्हणून असा मार्ग धरणाऱ्याने आधी स्वतःला विचारले पाहिजे : शांततेच्या सगळ्या वाटा खरोखर बंद झाल्या आहेत का? याची झळ कोणाला लागेल? परिणाम भोगायला मी स्वतः तयार आहे का?

भाईंनी परिणाम भोगला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील शहीद झाले. त्यांच्या त्यागापुढे आपण मान झुकवतो. पण केवळ त्यागामुळे प्रत्येक कृत्य योग्य ठरत नाही. 'देशासाठी' असे म्हणून कोणी निरपराध माणसाचा जीव घेतला, तर त्याला वीर म्हणू नका.

तुम्हांला काय वाटते? आपले मत वर्गात निर्भयपणे मांडा.