स्वस्ताई ही कुणाची मेहेरबानी नव्हती

कंपन्यांच्या उदारपणामुळे भारतात मोबाइल स्वस्त झाला, ही भाकडकथा आता पुरे झाली. 1995 साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत मोजावे लागत, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. परवान्यात तंत्रज्ञान एकच नेमून दिलेले, जीएसएम. एका परिमंडळात कंपन्या दोनच. 1999 च्या धोरणाने परवाना शुल्काचा बोजा हलका केला, नवे परवाने निघाले आणि दर उतरू लागले. तरीही सामान्य माणूस मिस्ड कॉलवरच भागवत होता.

खरा सुरुंग लागला तो 2001 मध्ये. लँडलाइनवाल्या कंपन्यांना 'मर्यादित' फिरती सेवा द्यायला परवानगी मिळाली आणि सीडीएमए हे दुसरे तंत्रज्ञान दारात आले. जीएसएमवाल्यांनी दूरसंचार लवाद गाठला, मग सर्वोच्च न्यायालय. त्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यांनी परवान्यासाठी बोलीचे पैसे भरले होते. रिलायन्सने डिसेंबर 2002 मध्ये त्याच 'मर्यादित' सेवेच्या आडून देशभर मोबाइल विकायला काढला. सरकारचे वागणे बेशिस्तीचे होते, हे मी मान्य करतो. पण ग्राहकाच्या हिशोबात सत्य एकच: पुढच्याच वर्षी रिलायन्सने 501 रुपयांत हँडसेट हातात दिला, आणि आलेला फोन फुकट झाला. जे आधी परवडत नाही म्हणून सांगितले जात होते, ते अचानक सगळ्यांनाच परवडू लागले!

सीडीएमएचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या हँडसेटमध्ये सिमच नसे. कंपनी सोडायची तर फोनही फेकायचा. आज ती बेडी नाही. 4जी-5जी सगळ्यांचे सारखेच, हँडसेट आपला, 2011 पासून नंबरही सोबत नेता येतो. दार सताड उघडे आहे, पण जायचे कुठे? एके काळच्या दहा-बारा कंपन्यांतून खासगी तीन उरल्या, त्यातली एक कर्जाखाली वाकलेली. जुलै 2024 मध्ये या तिघींनी दोन दिवसांत दर वाढवले. 28 दिवसांचा 'महिना' करून वर्षाला तेरा रिचार्ज वसूल करणे तर कधीचेच चालू आहे. जुलैच्या त्या दरवाढीनंतर दर न वाढवणाऱ्या सरकारी बीएसएनएलकडे लोक वळले, पण सरकारने तिला 4जीविना इतकी वर्षे ताटकळत ठेवले होते की वळलेले लोक टिकणार कसे?

दर ठरवण्याची मोकळीक दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना दिली ती स्पर्धेच्या भरवशावर. दर स्पर्धाच आवरेल, हा त्यामागचा करार होता. स्पर्धा संपली असेल तर तो करारही संपला. ट्रायने ती मोकळीक काढून घ्यावी आणि दरांवर कमाल मर्यादा घालावी. ते जमत नसेल, तर नियामक हे नाव लावणे सोडून द्यावे.