आकड्यांचे निवडणटिपण

थंडी पडली की कुलाबा आणि सांताक्रूझ यांचे तापमान वर्तमानपत्रात शेजारी शेजारी छापून येते. मुंबई एकच, पण पहाटे सांताक्रूझचा पारा बहुधा खाली! कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि पाणी निवते सावकाश.

१८७५ साली स्थापन झालेल्या हवामानखात्याच्या असल्या नोंदी आता संगणक धान्यासारख्या निवडतो. कोणत्या गावांचे चढउतार जुळतात ते पाहून गट पाडतो. एखादा आकडा शेजाऱ्यांना सोडून एकाएकी उडाला, तर नेमके बोट ठेवतो. परंतु उष्मा खरोखर वाढला, तापमापकाची जागा बदलली, की भोवती इमारती उठल्या, हे नुसते आकडे सांगत नाहीत. त्याला निरीक्षकाची जुनी वहीच उघडावी लागते. ती नीट लिहिलेली नसेल, तर वाचकहो, यंत्राची सारी हुशारी फुकट!